ऑटिझमसह पॅराक्लाइम्बिंग: कोल्हापुरात नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात कुणी पहिल्यांदा भिंत चढायला उभं राहिलं की खालून आवाज येतो, "सोडू नको भावा, लावून धर!" तालमींच्या गावात हे साहजिक आहे आणि पुष्कळांना त्यानं बळही येतं. पण ज्याला ऑटिझम आहे आणि शिवाय शरीराचा एखादा भाग साथ देत नाही, त्यानं सगळ्यात आधी शिकायचं ते वेळेवर खाली उतरणं. माझ्या मते बाकीचं सगळं तंत्र त्यानंतर येतं, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे माझी उजवी बाजू जन्मापासून कमजोर आहे; हात पूर्ण उघडत नाही, पायाला ब्रेस लागतो. खालच्या सूचना अशा दुहेरी शरीरासाठी आहेत. तुमची मर्यादा वेगळी असेल तर तपशील बदला, क्रम तोच ठेवा.

आधी हे माहीत असू द्या

पॅराक्लाइम्बिंगच्या, म्हणजे दिव्यांगांच्या भिंत-चढाईच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गट पडतात ते दृष्टीच्या आणि शरीराच्या मर्यादेवरून. बी म्हणजे दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी, एएल म्हणजे पायाची मर्यादा, एयू म्हणजे हाताची, आणि आरपी म्हणजे हालचालीचा आवाका, ताकद किंवा तोल कमी असलेले. अक्षरांपुढचा आकडा जितका लहान, तितकी मर्यादा जास्त. ऑटिझमसाठी वेगळा गट नाही. फक्त ऑटिझम असेल तर या गटांतून स्पर्धा खेळता येत नाही, पण चढायला कुणाचीच आडकाठी नाही आणि खालचं जवळपास सगळं तुम्हालाही लागू पडतं.

हा खेळ तसा तरुण आहे. पहिली जागतिक पॅराक्लाइम्बिंग स्पर्धा २०११ साली इटलीतल्या आर्को इथं झाली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, पोलिओ झालेल्या बंगळुरूच्या मणिकंदन कुमार यांनी पॅरिसमध्ये भारतासाठी सुवर्णपदक आणलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच खेळला जाणार आहे.

कागदपत्रांचं काम लवकर उरका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझमही आहे आणि सेरेब्रल पाल्सीही. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करताना दोन्ही गोष्टी नोंदवा. तपासणीसाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाताना कानात इअरप्लग, हातात पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस हवाच. स्वतःबद्दलची माहिती घरीच एका कागदावर लिहून न्या, म्हणजे गर्दीत उभं राहून तोंडानं सांगावी लागणार नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर चढण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या आणि ती गोष्ट बिलेयरपासून, म्हणजे खालून तुमचा दोर सांभाळणाऱ्यापासून, लपवू नका. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी या दोन्हींत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

पायरी पहिली: स्वतःची पातळी मोजायला शिका

पावसाळ्यात आपल्याकडं घराघरात एकच प्रश्न असतो, "बंधाऱ्याला किती फूट?" पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. शहरात ऊन पडलेलं असतं तरी पाणी चढत राहतं, कारण पाऊस राधानगरीला आणि गगनबावड्याला आधीच पडून गेलेला असतो. संवेदनांच्या ओझ्याचं असंच आहे. भिंतीवर तुम्ही गोठता तेव्हा कारण त्या भिंतीवर असेलच असं नाही. सकाळचा मिक्सर, शर्टाच्या मानेतलं टोचणारं लेबल, स्टँडवरचे हॉर्न, रिक्षात मोठ्यानं लावलेलं गाणं, ट्यूबलाइटची गुणगुण, हे सगळं आधीच साठलेलं असतं.

म्हणून पहिला आठवडा चढूच नका. दिवसातून चार वेळा वहीत एवढंच लिहा: काय ऐकलं, काय टोचलं, काय खाल्लं, पातळी किती. आकडा अंदाजानंच घाला. आठवड्याच्या शेवटी तुमच्या इशाऱ्याच्या खुणा दिसायला लागतील. माझ्या सांगते: आवाजांना टोक येतं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उशिरा सुचतं, उजवा अंगठा आपोआप मुठीत वळतो, आणि पिवळा होल्ड (भिंतीवरची पकड) कुठला नि केशरी कुठला ते पटकन कळेनासं होतं. धोक्याच्या खुणा वेगळ्या. तिथं शब्दच बंद होतात. काहींना रडू फुटतं, ओरडावंसं वाटतं, हातपाय झाडले जातात, तो मेल्टडाऊन. काही जण दगडासारखे गप्प होतात, तो शटडाऊन. दुसरा प्रकार बाहेरून शांत दिसतो म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि दोरावर असताना तोच जास्त धोक्याचा.

नियम एकच: इशारा पातळीला नवीन रूट, म्हणजे चढायची नवी वाट, घ्यायची नाही. वर असाल तर खाली यायचं, खाली असाल तर बूट काढायचे.

ज्यांना स्पॅस्टिसिटी आहे, म्हणजे स्नायू आपोआप आखडतात, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. थंडी, दुखणं, थकवा, मनावरचा ताण, यातल्या प्रत्येकानं आखडणं वाढतं. सेरेब्रल पाल्सीत अचानक आवाजानं दचकणंही इतरांपेक्षा जोराचं असतं. शेजारी कुणाच्या हातून लोखंडी कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) फरशीवर पडला की ऑटिस्टिक मेंदूला तो आवाज दुखतो, त्याच क्षणी शरीर दचकतं, कमजोर हात आत ओढला जातो आणि होल्ड सुटतो. बघणाऱ्याला वाटतं ताकद कमी पडली. खरं तर त्या दिवशी दंडापेक्षा कान जास्त थकलेले असतात. त्यामुळे फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घेताना आवाज, उजेड आणि झोप यांची नोंदही त्यांच्यापुढं ठेवा. त्यांना सहसा ती कुणी सांगत नाही.

भूक-तहानेचं पण बघा. आपल्यापैकी अनेकांना शरीराच्या आतले निरोप उशिरा कळतात. चढण्यात मन लागलं की तासन्‌तास पाणी आठवत नाही, बोटांची साल निघाल्याचंही कळत नाही. तहान लागायची वाट न बघता घड्याळ लावा. वीस मिनिटांनी गजर (थरथरणारा, वाजणारा नको), चार घोट पाणी, बोटं बघणं, पुढं. खाऊ ओळखीचाच ठेवा. गूळ-शेंगदाणे, केळं, घरचं भडंग. नव्या चवीचा प्रयोग सरावाच्या दिवशी नको.

पायरी दुसरी: बिलेयरशी बोलून घ्या, जमिनीवर असतानाच

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं घालवावा. सुरुवात नेहमी टॉप रोपवर करा. दोर वरच्या अँकरमधून आलेला असतो, त्यामुळे हात सुटला तरी तुम्ही हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांत, बसता. दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याला तुमचं शरीर आणि तुमचं गप्प होणं, दोन्ही माहीत हवं.

मी नव्या बिलेयरला साधारण असं सांगते: "दादा, मी वर असताना फक्त तुम्हीच बोला. बाकीच्यांना गप्प बसायला सांगा, 'चल चल' पण नको. आपले शब्द तीनच: टेक म्हणजे दोर घट्ट घ्या, स्लॅक म्हणजे सैल सोडा, लोअर म्हणजे खाली आणा. मला होल्ड दाखवायचा असेल तर आधी हात की पाय, मग डावा की उजवा, मग रंग, मग किती लांब." "अगं तिकडं, जरा वर, ते बघ की" हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं, पण वर लटकलेल्या ऑटिस्टिक माणसाला त्यातून काहीच हाती लागत नाही. "डावा पाय, निळा, वीतभर वर" म्हटलं की पाय आपोआप जातो. दृष्टिहीन क्लाइम्बरना त्यांचे मार्गदर्शक अशाच नेमक्या शब्दांत वाट सांगतात. सोय असेल तर त्यांच्या सरावाला एकदा बसून ऐका.

शब्द बंद पडले तर काय, हे आधी ठरवा. बरेच जण हेल्मेटवर थापटण्याची खूण ठरवतात. पण ज्याचा एकच हात चालतो त्याचा तो हात होल्डवर अडकलेला असतो! म्हणून खूण पायाची ठेवा: भिंतीला दोन वेळा पायाचा ठोका म्हणजे लोअर. पायही भरवशाचा नसेल तर फक्त हार्नेसमध्ये बसणं हीच खूण. त्यावर आणखी एक कुलूप हवं. बिलेयरनं "ठीक?" विचारलं आणि दहा आकडे मोजेपर्यंत काहीच उत्तर आलं नाही, तर त्यानं दोर घट्ट घ्यायचा, "लोअर करतोय" असं एकदाच सांगायचं आणि सावकाश खाली आणायचं. तुम्हाला पटवून देत बसायचं नाही, वर बघून हाका मारायच्या नाहीत. ही सगळी कसरत जमिनीपासून मीटरभर उंचीवर करून बघा, म्हणजे दोघांनाही सवय होईल.

स्पर्शाचंही सांगून टाका. हार्नेस तपासताना कमरेला हात लागतो. "आता बकल बघतोय" एवढं आधी म्हटलं तर अंगावर काटा येत नाही. तपासणीचा क्रम रोज एकच ठेवा: हार्नेसचं बकल, फिगर एटची (इंग्रजी आठच्या आकाराची) गाठ, बिले डिव्हाइस (बिलेयरचं दोर अडवायचं साधन), कॅराबिनरचं लॉक. एका हातानं गाठ मारणं जमत नसेल तर दुसऱ्यानं मारावी आणि तिसऱ्यानं तपासावी. गाठ मारताना आणि तपासताना कुणीही गप्पा मारायच्या नाहीत. हा नियम मी सगळ्यांनाच लावते, ऑटिझम असो वा नसो.

ऑटो बिलेबद्दल, म्हणजे माणसाऐवजी दोर सांभाळणाऱ्या यंत्राबद्दल, बरेच जण विचारतात. काहींना ते फार आवडतं, कारण कुणाशी न बोलता चढता-उतरता येतं. पण वर गोठलात तर तुम्हाला खाली आणणारं दुसऱ्या टोकाला कुणी नसतं, आणि हात सोडल्यावर दोर ताणेपर्यंतचा क्षणभराचा झोका पोटात गोळा आणतो. आधी माणसाबरोबर शिका.

साधनं, थोडक्यात

कानात बसणारे इअरप्लग हेल्मेटखाली चालतात, मोठे हेडफोन बसत नाहीत. प्लग घालून बिलेयरचा आवाज वरपर्यंत ऐकू येतो का हे जमिनीवर, लांब उभं राहून तपासा. येत नसेल तर ते चढताना वापरायचे नाहीत, फक्त बसण्याच्या वेळी वापरायचे. दिव्यांचा त्रास होत असेल तर हलक्या रंगाचा चष्मा घ्या. खडूची भुकटी नाकात-बोटांत सहन होत नसेल तर लिक्विड चॉक मिळतो, पण त्याला स्पिरिटचा वास असतो, तेव्हा विकत घेण्याआधी हुंगून बघा.

बूट दुकानदार घट्टच घ्यायला सांगेल. सुरुवातीला सैलसर घ्या आणि पातळ मोजे घाला. ब्रेस काढून चढत असाल तर पाऊल, घोटा आणि हार्नेसच्या पट्ट्याखालची कातडी दर ब्रेकला डोळ्यांनी बघा. जिथं संवेदना कमी आहे तिथं काचल्याचं कळत नाही, आणि जिथं जास्त आहे तिथं शिवणही सहन होत नाही. एकाच अंगावर दोन्ही असू शकतं. हार्नेसचा घट्ट दाब काहींना मात्र शांत करतो. तसं असेल तर चढण्याआधी तो पंधरा मिनिटं घालून नुसतं बसायला हरकत नाही.

पायरी तिसरी: मन

पेठापेठांतल्या ईर्षेवर हे गाव जगतं. फुटबॉलच्या मैदानावर, खासबागेत, मिरवणुकीत ती शोभूनही दिसते. भिंतीवर ती आपल्या कामाची नाही. शेजारचा मुलगा आज वरपर्यंत गेला म्हणून तुमची इशारा पातळी खाली येत नाही.

दिवसाचं ध्येय असं ठरवा की ते पूर्ण तुमच्या हातात असेल. "टॉपला जाणार" हे तसं नाही. "तिसऱ्या होल्डवर थांबून तीन श्वास घेणार, मग स्वतःहून लोअर मागणार" हे आहे. हार्नेसमध्ये बसायला शिकणं हे तर वेगळं ध्येय ठेवा, कारण पडण्याची भीती म्हणजे बहुतेक वेळा अचानक बदलणाऱ्या तोलाची भीती असते. मीटरभर उंचीवर "टेक" म्हणा आणि सावकाश बसा. ते सवयीचं झालं की एक हात सोडून बसा. मग दोन्ही. बिलेयरनं तीन-दोन-एक मोजायचं, आणि एकावरच सोडायचं, आधी गंमत म्हणून नाही.

तोच रूट पुन्हा पुन्हा चढावासा वाटतो? चढा. कोच म्हणेल कंटाळा येत नाही का. पुनरावृत्तीतून आपलं शरीर शिकतं, आणि कमजोर बाजूला तर जास्तच पुनरावृत्ती लागते. होल्डची मांडणी लक्षात राहणं, क्रमात चूक पटकन दिसणं ही आपल्यातल्या अनेकांची खरी ताकद आहे. अडचण येते ती भिंतीवरचे होल्ड बदलतात तेव्हा. भिंत सांभाळणाऱ्यांना विनंती करून ठेवा की रूट बदलायच्या आधी तारीख कळवा आणि नंतर फोटो पाठवा. नवा रूट त्या दिवशी चढू नका. खाली बसून बघा, बोटानं हवेत क्रम लावा, घरी जा.

बघणारे लोक दोन प्रकारचे भेटतील. एक "अरेरे, कशाला त्रास देता पोरीला" म्हणणारे, दुसरे "वाघीण हाय!" म्हणणारे. दोघांचंही मन चांगलं असतं, आणि दोघांसमोरही काहीतरी सिद्ध करावंसं वाटायला लागतं. मग हात हलवून शांत होण्याची, पुटपुटण्याची, झुलण्याची आपली सवय आपण दाबतो, आणि ती दाबण्यातच निम्मी शक्ती जाते. भिंतीजवळ झुला, हात हलवा, गुणगुणा. ज्या गटात हे करायला संकोच वाटतो तो गट सरावासाठी योग्य नाही, कितीही चांगला कोच असला तरी. हे मी ठामपणे सांगते.

जागा आणि वेळ

सराव कृत्रिम भिंतीवर सुरू करा. पुण्याच्या भिंतींवर जाणार असाल तर २३० किलोमीटरचा प्रवास हेच त्या दिवसाचं सगळ्यात मोठं ओझं समजा. पोचल्या दिवशी फक्त भिंत बघायची, आवाज ऐकायचे, बाथरूम कुठं आहे ते पाहायचं, शांत कोपरा शोधायचा. चढणं दुसऱ्या दिवशी.

जवळच्या भिंतीसाठी दुपारची, शाळा-ऑफिसं चालू असतानाची वेळ मागून घ्या. गणपतीच्या दिवसांत डॉल्बीनं छाती हादरते, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची गर्दी लोटते, चैत्रात जोतिबाची यात्रा. या आठवड्यांत नवं काही शिकायचं नाही. महाद्वार रोडवर घर असेल तर नुसते व्यायाम करा, तेही पुरे.

नैसर्गिक कातळावर अनुभवी गटाबरोबरच जा. पन्हाळा शहरापासून जेमतेम २० किलोमीटर आहे म्हणून तटबंदीवर हात चालवायचा मोह होतो. तो संरक्षित किल्ला आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांसोबत जागतिक वारसा यादीत गेला आहे. तिथल्या भिंती चढायच्या नाहीत. सह्याद्रीतल्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा, मोहोळ दिसलं तर जागाच बदला. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर काळा बसाल्ट सकाळीच तापतो आणि संवेदनशील बोटांना तो चटका सहन होत नाही. उलट थंडीत पहाटे स्नायू आखडतात, म्हणून ऊन अंगावर येईपर्यंत थांबा, गरम पाणी प्या, मग हार्नेस चढवा.

पातळी धोक्याच्या वर गेलीच तर

हे सोबत येणाऱ्या आई-बाबांनी, भावंडांनी वाचावं. आधी दोर सोडवा, हेल्मेट काढा. प्रश्न विचारू नका, "काय झालं?" सुद्धा नको. मिठी मारू नका. ती आवडते हे आधी ठरलेलं असेल तरच. उजेडाकडं पाठ येईल असं बसवा, पाणी बाजूला ठेवा, चार हात लांब बसा, बघ्यांना हलवा. शब्द परत यायला वेळ लागतो, तोवर मोबाइलवर लिहून किंवा हो-नाहीच्या कार्डावर बोट ठेवून काम चालतं. त्या दिवशी पुन्हा भिंतीवर जायचं नाही, "शेवटचा एक ट्राय" पण नाही. दुसरा दिवसही हलका ठेवा, कारण थकवा तेव्हा येतो. वहीत नोंद करा, पण दोन दिवसांनी, आणि भिंतीपेक्षा त्याआधीच्या सहा तासांबद्दल जास्त लिहा.

स्पर्धेचा विचार असेल तर

वर्गीकरणाच्या वेळी अनोळखी तपासनीस हातपाय हलवून बघतात, ताकद मोजतात, आणि आखडलेल्या स्नायूंवर जोरही देतात. ती तपासणी कशी असते हे फिजिओथेरपिस्टकडून आधी करून घ्या. ऑटिझमची आणि बोलताना लागणाऱ्या वेळेची माहिती कागदावर लिहून द्या.

अंतिम फेरीत खेळाडूंना रूट दिसू नये म्हणून वेगळ्या खोलीत बसवतात. ती बहुधा भरलेली असते आणि तिथं फोन चालत नाही. तुमचं शांत होणं फोनमधल्या गाण्यावर अवलंबून असेल तर आतापासून दुसरं काही शोधा: हातात फिरवायचा दोरीचा तुकडा, ओळखीचा वास लावलेला रुमाल, डोळे मिटून मोजायचा आकड्यांचा क्रम. इअरप्लग चालतील का, सोबतीला माणूस आत येऊ शकेल का, हे आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. भिंतीखाली संगीत आणि निवेदकाचा आवाज असेल, तेव्हा घरच्या सरावात शेवटच्या महिन्यात थोडा थोडा आवाज लावून बघा, इशारा पातळीच्या खालीच राहून. आणि परतीचं तिकीट काढताना मधे एक दिवस रिकामा ठेवा, त्या दिवशी कुणालाही भेटायचं कबूल करू नका.